पाच-तीसच्या पुढे काय?

(गावच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, सरपंच, मंडळाचे कार्यकर्ते, आयाबहिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून उभी राहिलेली पोरं, ज्यांना वाटतंय मी त्यांना बघितलं नाही. बघितलंय. भिंत पडत नाही बाळांनो, सरळ उभे राहा.

मला विषय दिलाय 'अग्निवीर : संधी आणि तयारी'. वेळ अर्धा तास. त्यातला बराचसा हार-तुऱ्यात गेला. शालीबद्दल आभारी आहे, पण पुढच्या वर्षी टॉवेल द्या, रोज वापरात येईल.

विषयावर येतोच. त्याआधी एका चादरीबद्दल सांगतो.

बेळगावला आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग सेंटरवर मी उस्ताद, म्हणजे रंगरुटांना शिकवणारा, होतो. इथं सातारा जिल्ह्यात सेंटर म्हणजे काय हे सांगायला नको. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले, तिथं घरटी कुणीतरी काळी ट्रंक घेऊन गेलेला असतोच. तर नवा रंगरूट आला की पहिले काही दिवस त्याच्या हातात रायफल येत नाही. येते चादर. बिगुल व्हायच्या आत उठायचं, दाढी, बूट, बिस्तरा. चादरीला सुरकुती नको, कांबळ्याची घडी चौकोनी. बॅरेकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणायची आणि सगळ्यांच्या बुटांची टोकं त्या दोरीला लावायची. एक बूट बोटभर पुढं आला, की बूट बाहेर, ट्रंक बाहेर, पोरगाही बाहेर.

माझ्या स्क्वॉडात एक पोरगा होता. आपल्याच बाजूचा, नाव सांगत नाही, आज त्याची पोरं शाळेत जातात. भरतीला पहिला आलेला. पळायला लागला की पाय जमिनीला लागतात का नाही असं वाटायचं. तो सगळ्यांच्या आधी उठायचा, बिस्तरा लावायचा आणि फॉल-इनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला, पहिला येऊन सावधानमध्ये उभा. छाती अशी, की आता कमांडंट साहेबच येऊन हात मिळवणार.

मी विचारलं, "तुझा बडी कुठाय?"

"येतोय, उस्ताद."

"आणि तो येईपर्यंत तू काय करतोयस?"

"उभा आहे, उस्ताद."

बडी म्हणजे जोडीदार. तुमच्या शेजारच्या खाटेवरचा. याचा जोडीदार गरीब पोरगा, बुटाची नाडी बांधायला त्याला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात लंगरात चहा वाटून संपायचा. तो आला शेवटून दुसरा. मग काय, सगळ्या स्क्वॉडला फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या. आणि ह्या पहिल्या नंबरवाल्याला मी लावला नाही. त्याला सावलीत उभा केला आणि सांगितलं, "तू मोज."

आवाज फुटेना हो त्याचा. चाळीसएक पोरं लाल मातीत लोळतायत आणि हा एकटा इस्त्रीच्या कपड्यात आकडे म्हणतोय. त्या रात्री त्याच्याशी कुणी बोललं नसणार. आम्हाला हे सांगावं लागत नाही. सकाळी हाजरीला चेहरे बघितले की कळतं.

दुसऱ्या आठवड्यात मी बॅरेकीत डोकावलो, तर हा खाली बसून जोडीदाराची नाडी बांधतोय आणि जोडीदार याच्या चादरीची कड ओढतोय. दोघं फॉल-इनला आले मधल्या नंबरात. मी काही बोललो नाही. शाबासकी दिली की पोरं बिघडतात. (माता-भगिनींनी हे घरी लावू नये.)

पुढं दोघांनी युक्ती काढली. रात्री खाटेवर झोपायचंच नाही. बिस्तरा लावून ठेवायचा आणि खाली फरशीवर पडायचं, म्हणजे सकाळी चादर तयार. त्यांना वाटलं, जगात हे पहिल्यांदा आपल्यालाच सुचलं. मी रात्री गस्तीला गेलो, बघतो तर अर्धी बॅरेक फरशीवर. सगळ्यांना उठवून खाटेवर झोपवलं. फरशी गार असते, आजारी पडली तर एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, उत्तर मला द्यावं लागतं.

हे एवढं का सांगतोय? मागं एका अकॅडमीवाल्यानं मला बोलावलं. गेटवर निवड झालेल्यांचे फोटो, हा मोठा फ्लेक्स. मैदान उत्तम, पोरं चपळ. म्हणाले, "साहेब, आमची पोरं सोळाशे मीटर पाच-तीसच्या आत मारतात." म्हणजे पाच मिनिटं तीस सेकंदांच्या आत. चांगलं आहे. मी विचारलं, "पोरांचे कपडे कोण धुतं?" म्हणाले, "मावशी आहेत." "ताटं?" "त्यालापण मावशी." मग म्हटलं, त्या मावशींनाच भरती करा की! चारशे पोरांचं आवरून वेळेत हजर, एवढी शिस्त मी सुभेदारातही बघितली नाही.

तिथं प्रत्येक पोरगा घड्याळाशी पळतो, एकटा. भरतीत मार्क एकट्याला मिळतात, सजा मात्र सेंटरवर सगळ्यांना मिळते. पळून-पळून तयार झालेला पोरगा पहिल्याच आठवड्यात खचतो तो यामुळं. दमानं नव्हे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर अग्निवीर. आधी ऑनलाइन परीक्षा, ती पास झालात तरच मैदान. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर 60 मार्क, दहा पुल-अप्सना 40. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसते पास व्हायचे. वय, शिक्षण जाहिरातीत बघा, मोबाईलवरच्या भावाला विचारू नका. मेडिकलच्या आधी कान साफ करून घ्या.

आता खरं बोलायचं होतं ते. आमच्या वेळी पायदळाच्या रंगरूटाला 34 आठवडे असायचे, 19 बेसिक आणि 15 ॲडव्हान्स. आता ट्रेनिंग धरून नोकरीच चार वर्षांची, आणि शेवटी 25 टक्क्यांपर्यंत पोरं कायम होणार. म्हणजे चारातला एक. ह्या योजनेवर राजकारण करायला मी आलो नाही, तो कार्यक्रम पारावर रोज असतो. माझी काळजी एवढीच आहे, की शेजारच्या खाटेवरचा बडी हाच जर त्या चारातला दुसरा, म्हणजे त्याच एका जागेसाठीचा स्पर्धक असेल, तर त्याची नाडी कोण बांधणार? मार्क प्रत्येकाचे वेगळे, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आम्ही चादरी ओढून जे शिकवायचो त्याच्या हे बरोबर उलटं जातं. यावर उपाय सरकारनं काढायचा तो काढेल, पण उस्तादाच्या हातात एक गोष्ट आहे. रिपोर्ट लिहिताना जोडीदाराला घेऊन आलेला पोरगा वर ठेवायचा. मी असतो तर ठेवला असता. सध्या सेंटरवर असलेले माझे चेले फोन करतात तेव्हा त्यांना हेच सांगतो. काही ऐकतात.

आणि पोरांनो, घरी आजपासून करायचं ते पटकन सांगतो. आपले कपडे आपण धुवायचे. दाढी रोज, उगवली नसली तरी. नवे बूट भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. पाय सोलले की पळणं संपलं. हिंदी ऐकायची सवय करा. 'पीछे मुड' म्हटल्यावर अर्धी पोरं आधी शेजाऱ्याकडं बघतात. रात्री नऊला मोबाईल आईकडं जमा, सेंटरवरही तो ठरल्या वेळीच मिळतो.

दुसरी चिठ्ठी आली, आरतीची वेळ झाली म्हणे. प्रश्न आरतीनंतर घेऊ. आधी आयांचे, मग पोरांचे, आणि अकॅडमीवाले कुणी आले असतील तर सर्वांत शेवटी.