किडनी कोण देणार? घरात बैठक बोलावण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी. आज दुसराच व्हिडिओ करायचा होता, पण तुमचे मेसेज थांबेनात. खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी आणि सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून, चंदगड, गडहिंग्लज. गावं वेगळी, प्रश्न तोच: "ताई, पोरगा पंचविशीतला आहे, डायलिसिस चालू आहे, डॉक्टर म्हणतात घरातला डोनर बघा. सुरुवात कुठून करायची?"

मी डॉक्टर नव्हे. माझ्या धाकट्या भावाला आमच्या आईनं किडनी दिली. तेव्हा जे बघितलं, आणि नंतर ट्रान्सप्लांटच्या कामातल्या माणसांना विचारून विचारून जे कळलं, ते सांगते.

आधी साध्या गोष्टी भराभर. ओ गटाचा माणूस कुणालाही देऊ शकतो, एबी गटाचा कुणाकडूनही घेऊ शकतो. ए ला ए किंवा ओ चालतो, बी ला बी किंवा ओ. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा किडनीत फरक पडत नाही, त्यामुळं "ओ निगेटिव्हच पाहिजे" असे स्टेटस ठेवत बसू नका. दाता अठरा वर्षांच्या वरचा हवा. मग बीपी, शुगर, लघवीतलं प्रोटीन, दोन्ही किडन्या वेगवेगळ्या किती काम करतात ते बघणारा डीटीपीए स्कॅन, किडनीच्या रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी अँजिओ, दाता-पेशंटच्या पेशी किती जुळतात ते बघणारी एचएलए, आणि पेशंटचं रक्त दात्याच्या पेशींवर उलटतं का ते बघणारी क्रॉसमॅच. ऑपरेशन बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होतं, दाता काही दिवसांत घरी येतो, महिना-दीड महिन्यात नेहमीच्या कामाला लागतो. जड वजन मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच उचलायचं, आणि वर्षातून एकदा तपासणी, तीही कायमची. हे सगळं कुठंही मिळेल.

आता मुद्द्याचं. ती रविवारची बैठक.

आमच्याकडं काय होतं, सांगते. सगळ्यांना निरोप जातो. काका, आत्या, चंदगडला दिलेली मोठी बहीण, तिचा नवरा. सतरंजी अंथरतात, चहा येतो. ज्याच्यासाठी हे चाललंय तो पोरगा भिंतीला टेकून बसलेला, फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शीर जोडून घेतलेल्या, हातावर कालचीच पट्टी. मग घरातलं एखादं थोरलं माणूस घसा साफ करून विचारतं, "हं, बोला, कोण देणार?" सगळे कपबशीत बघायला लागतात. शेवटी कोण तरी म्हणतं, "आई आहे की. आई देणारच." आणि लोक चपला घालायला उठतात.

हात जोडून सांगते, हे करू नका.

त्या बहिणीच्या जागी बसून बघा. नवरा शेजारी, पोरं लहान, सासरी अजून कुणाला काही माहीत नाही. त्या घोळक्यात ती "नको" म्हणू शकते का? मान हलवते बिचारी. पुढं सगळ्या तपासण्या होतात, पैसे जातात, आणि हॉस्पिटलमध्ये एकटीला बसवून विचारल्यावर तिला रडू फुटतं. मिळालेला होकार खरा नव्हताच. आणि इकडं पोराचे डायलिसिसचे महिने वाढले ते वाढलेच.

आता त्या पोराच्या जागी बसा. कोण मान खाली घालून बसलं, हे त्यानं बघितलेलं असतं, ते तो विसरत नाही. मला तरुण पेशंटचे जे मेसेज येतात त्यात "डोनर मिळत नाही" यापेक्षा "आईकडून घ्यायला मन होत नाही" हेच जास्त असतं. माझा भाऊ असाच अडून बसला होता. "चालू दे की डायलिसिस, काय बिघडतंय," म्हणायचा. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर, पाणी मोजून प्यायचं, नोकरी सुटलेली, आणि म्हणे काय बिघडतंय! आई त्याच्याशी स्वयंपाकघरात एकटी बोलली, आम्हा कुणाला तिनं आत येऊ दिलं नाही. त्यानंतर तो तयार झाला.

आणि कायद्याच्या बाजूनंही बघा. हॉस्पिटल दात्याला वेगळं बसवून विचारतंच. दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिची संमती खरंच तिची आहे का याची खात्री पेशंट सोडून दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायची, असं अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत लिहिलंय. ते उगाच नाही लिहिलेलं. आपल्या देशात जिवंत दात्यांत बायकाच जास्त असतात, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. दात्याला ऑपरेशन थिएटरच्या दारातूनसुद्धा माघारी फिरता येतं. आणि ज्याला मनातून नको आहे त्यानं डॉक्टरांना एकांतात सांगितलं, तर बऱ्याच ठिकाणी घरच्यांना "वैद्यकीय कारणानं जमत नाही" एवढंच सांगतात. ही वाट आपल्या माणसाला आधीच सांगून ठेवा. नाही म्हणता येतं हे कळलं की हो म्हणणाराही मोकळ्या मनानं म्हणतो.

मग बोलायचं कसं? एका माणसानं, एकेकाशी, वेगवेगळं. पेशंटनं नव्हे. "किडनी दे" असं म्हणायचंच नाही. म्हणायचं, "असं असं झालंय, डॉक्टर हे म्हणालेत. कुणाला विचार करायचा असेल तर हा ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरचा, म्हणजे हॉस्पिटलात हे सगळं जुळवून आणणाऱ्या माणसाचा नंबर, थेट त्यांच्याशी बोल. मला उत्तर नको." आणि खरंच परत विचारायचं नाही. चार दिवसांनी "काय ठरलं मग?" म्हणून फोन केलात की पुन्हा बैठकच झाली.

कॉमेंटचं बोलायलाच हवं. मागच्या व्हिडिओखाली "मी द्यायला तयार आहे, किती देणार" असे मेसेज आले, खाली नंबर. मी उडवलेत, उडवत राहणार. किडनीचा पैशानं व्यवहार १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं गुन्हा आहे. २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड अशी आहे, आणि देणारा, घेणारा, मधला दलाल कुणीच सुटत नाही. आणि "आधी रजिस्ट्रेशन फी भरा, डोनर तयार आहे" असा फोन आला तर ठेवून द्या. त्या माणसाकडं ना डोनर असतो ना हॉस्पिटल. अडलेल्या घराला असं लुबाडणाऱ्यांची मला भयंकर चीड येते.

आता आपल्या सीमाभागाचं खास दुखणं. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको, मुलं ही कायद्यानं जवळची नाती. २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडं त्यात आली. मामा, काका, मावशी, चुलतभाऊ नाहीत. मामा देऊ शकत नाही असं नव्हे, पण मग प्रकरण ऑथोरायझेशन कमिटीकडं, म्हणजे अशा दानाला परवानगी देणाऱ्या समितीकडं जातं, आणि तो का देतोय, पैशाचा संबंध नाही ना, हे ते खोदून विचारतात. आपल्याकडं पोरगा बेळगावचा, मामा चंदगडचा, ऑपरेशन पुण्यात, असं सर्रास असतं. अशा वेळी ज्या त्या राज्याचं ना-हरकत पत्र आणि तहसीलदाराचा रहिवासाचा दाखला लागतो. शिवाय केंद्राची दुरुस्ती प्रत्येक राज्याला स्वतंत्रपणे स्वीकारावी लागते. म्हणून ऑपरेशन ज्या राज्यात, तिथल्या को-ऑर्डिनेटरला पहिल्याच भेटीत विचारा: आमचं नातं तुमच्याकडं कशात बसतं?

आणि कागद! आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मराठीत. लग्नात बदललेलं नाव रेशन कार्डावर, कन्नडमध्ये. आधारवर तिसरंच, आडनाव पुढं आणि सासऱ्यांचं नाव मागं. आमची आई प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडत होती आणि समोरचे साहेब विचारत होते, यातल्या तुम्ही कोण? एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तपासण्या चालू असतानाच हे उरका, शेवटी ठेवू नका.

रक्तगट जुळला नाही म्हणून लगेच हातपाय गाळू नका. तसंच अडलेलं दुसरं कुटुंब सापडलं तर अदलाबदल होऊ शकते, म्हणजे तुमची आई त्यांच्या मुलाला, त्यांची आई तुमच्या मुलाला. मात्र दोन्हीकडचे दाते आपापल्या पेशंटच्या जवळच्या नात्यातलेच हवेत. गटाच्या पलीकडं जाऊन ट्रान्सप्लांट करणारी केंद्रंही आहेत, खर्च वाढतो. सोबत मृत दात्याची किडनी मिळण्यासाठी जी प्रतीक्षा यादी असते तिच्यात पोराचं नाव घाला; ती यादी कर्नाटकात जीवसार्थकते ही संस्था बघते, महाराष्ट्रात झेडटीसीसी. २०२३ पासून त्यासाठी रहिवासाची अटही केंद्रानं काढायला सांगितली आहे.

तरुण पेशंटबद्दल दोन गोष्टी डॉक्टरांना विचाराच. किडनी कशामुळं गेली? आजार घराण्यातला असेल तर भावंडांची आधी नीट तपासणी हवी. आणि मिळालेली किडनी बहुतेकदा जन्मभर पुरत नाही. जिवंत दात्याची साधारण १५-२० वर्षं, काहींची जास्त. पंचविशीतल्या पोराला पुढं दुसरी लागू शकते. म्हणून आईची तब्येत चांगली असेल तर आत्ता आई, भाऊ पुढच्यासाठी, असा विचार बरेच डॉक्टर सुचवतात. पण हेही आईला एकटीला विचारून. "आई देणारच" म्हणून नव्हे.

निपाणीच्या एका दादांचा मेसेज आहे: "बहिणीनं नाही म्हटलं. आता भाऊबीजेला तिला बोलवायचं की नाही यावर घरात वाद चाललाय." दादा, बोलवा. फोन तुम्ही स्वतः करा, पोराला करायला लावू नका. आणि ती आल्यावर किडनीचा विषय कुणी काढणार नाही, हे घरातल्या थोरल्यांना आधीच सांगून ठेवा.