नवऱ्याची सही

(दृश्य : सावळघाट, पावसाळा. गाडीच्या वायपरमागून दिसणारा रस्ता.)

वहिनीला सही येत होती. बीए झालेली बाई. बँकेत, रेशन दुकानात, पोरीच्या शाळेत स्वतः सही करणारी. पण त्या दिवशी तिची सही कुणी मागितलीच नाही.

८ वर्षं झाली. वहिनीला १८ वा आठवडा चालू होता आणि ती माहेरी, पेठ तालुक्यात आली होती. पहाटे उठली तर साडी ओली. आधी तिला वाटलं, लघवी झाली असेल. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, पाणी गेलं." आशाताईंनी १०८ बोलावली. पेठहून नाशिक ५०-५५ किलोमीटर, मध्ये घाट, पुढं रांगत चाललेला ट्रक. नाशकात पोचेस्तोवर नऊ वाजले होते.

ज्या दवाखान्यात नेलं, त्याचं नाव घेत नाही. सोनोग्राफी झाली. पिशवीत पाणी जवळपास उरलं नव्हतं, पण बाळाचे ठोके चालू होते. एवढ्या लवकर पाणी गेलं की बाळ हाती लागायची आशा फार थोडी असते, कारण त्याची फुप्फुसं वाढायला तेच पाणी लागतं. आणि पाण्याची पिशवी एकदा फुटली की जंतूंना वर जायला वाट मोकळी. डॉक्टरबाईंना हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "ठोके आहेत अजून. थांबून बघू."

आणि नर्सनं विचारलं, "मिस्टर कुठं आहेत? सही लागेल."

मिस्टर, म्हणजे माझा दादा, सिन्नरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. तिथं मोबाईल गेटवर जमा करायचे. मी लावलेले सगळे फोन एका लोखंडी कपाटात वाजत होते. वहिनी दोनदा म्हणाली, "मी करते ना सही." नर्स हसली. वाईट हसू नव्हतं ते. लहान मुलानं काहीतरी विचारल्यावर हसतो ना, तसं.

दोनच्या सुमाराला तिला हुडहुडी भरली. दोन ब्लँकेटं घातली तरी दात वाजत होते. ताप १०३. अंगावरून जात होतं त्याला वास यायला लागला होता. पाळी सुटून दादा पोचला साडेचारला, ग्रीसच्या हातानं सही केली. ती काळी बोटं त्या कागदावर अजून असतील. पिशवी मोकळी केली तेव्हा रात्र झाली होती. त्यानंतर चार दिवस आयसीयू. वहिनी वाचली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही श्वास रोखून बसायला नको.

(दृश्य : दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी.)

आता कायदा. आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा. १ एप्रिल १९७२ पासून लागू. त्यात संमती मागितली आहे ती गर्भवती बाईची. ती अठरा वर्षांखालची असेल किंवा मानसिक आजारी असेल, तरच पालकाची. नवऱ्याची सही त्या कायद्यात कुठंही नाही. वहिनीच्या वेळी १२ ते २० आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागायचं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. आणि त्याहून महत्त्वाचं आहे कलम ५. बाईचा जीव वाचवायला गर्भपात ताबडतोब गरजेचा असेल, तर आठवडे मोजत बसायचे नाहीत, दुसरा डॉक्टर शोधायचा नाही. हे दार १९७१ पासून उघडं आहे.

मग त्या डॉक्टरबाई थांबल्या का?

मला त्यांचा राग येतो, अजूनही. पण उत्तर त्यांच्यापाशी संपत नाही. आपल्या कायद्यात गर्भपात आला तो बाईचा हक्क म्हणून नव्हे. तो आला गुन्ह्याला दिलेली सूट म्हणून. त्या सवलतीच्या बाहेर पाऊल पडलं की तुरुंग. आधी भारतीय दंड विधानाचं कलम ३१२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ आहे. रात्री-अपरात्री पेशंट समोर आल्यावर डॉक्टरला आधी ते कलम आठवतं.

त्यात आपलं महाराष्ट्राचं एक वेगळं प्रकरण. पोटातली मुलगी मारण्याचा धंदा आपल्या राज्यात खरोखर चालला. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा आपणच केला, १९८८ साली. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ ला ८९४ वर आल्या. २०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं आणि सरकार खडबडून जागं झालं. तपासण्या, छापे, सील केलेली सोनोग्राफी मशीन. ते हवंच होतं. पण त्या धाकात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली. लिंग तपासणं गुन्हा आहे, गर्भपात कायद्याच्या चौकटीत वैध आहे. भिंतीवरची पाटी मात्र एकच, आणि ती वाचून बाईलाही वाटतं गर्भपातच गुन्हा, मेडिकलवाल्यालाही वाटतं. गर्भपाताच्या गोळ्या ठेवणं कितीतरी मेडिकलवाल्यांनी बंद केलं ते याच धसक्यानं. डॉक्टरांनी मात्र स्वतःच्या बचावाला आणखी एक कागद वाढवला, नवऱ्याची सही. उद्या घरच्यांनी तक्रार केली तर दाखवायला.

२९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं यावर बोट ठेवलं : डॉक्टर घरच्यांची संमती, जास्तीचे पुरावे अशा कायद्यात नसलेल्या अटी घालतात, आणि त्या अटींना आधार नाही.

(दृश्य : गोदाघाट, संध्याकाळ.)

वहिनीबद्दल विचार करताना मला नेहमी सविता हलप्पनवार आठवतात. बेळगावच्या. दंतवैद्य. नवऱ्यासोबत आयर्लंडला गेलेल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात त्या दाखल झाल्या, १७ वा आठवडा. पाणी गेलं. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं. सवितांनी गर्भपात मागितला. उत्तर मिळालं : ठोके आहेत तोवर नाही. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ साली घातलेल्या आठव्या दुरुस्तीनं पोटातल्या जिवाला आईच्या जिवाइतकाच हक्क दिला होता, आणि आईचा जीव 'खरोखर' धोक्यात कधी येतो हे ठरवायचं डॉक्टरनं, डोक्यावर तुरुंग टांगता ठेवून. २४ ऑक्टोबरला, इकडं आपण सोनं वाटत होतो त्या दसऱ्याच्या दिवशी, त्यांच्या रक्तात जंतुदोष भिनलेला होता. २८ ला त्या गेल्या. वय ३१.

त्यांच्या मृत्यूनंतर आयर्लंडच्या रस्त्यांवर लोक उतरले. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं आणि ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी ती दुरुस्ती काढून टाकली.

अमेरिका उलट्या दिशेनं गेली. आणीबाणीत आलेल्या पेशंटला आधी सावरा, असा कायदा तिथं १९८६ पासून आहे. पण २४ जून २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि अनेक राज्यांनी बंदी आणली. टेक्सासमध्ये डॉक्टरला ९९ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जीव धोक्यात असेल तर सूट आहे तिथंही. फक्त धोका किती झाला म्हणजे पुरे, हे ताप मोजणाऱ्या माणसाला कुणी नीट सांगत नाही. म्हणून तो थांबतो. १०१ ला थांबतो, १०२ ला थांबतो.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं नव्हतं. या व्हिडिओसाठी कॅमेरा घेऊन त्यांच्या पंचवटीतल्या घरी गेलो, तेव्हा संमतीपत्राचा कोरा नमुना नेला होता. कायद्याच्या नियमांतला फॉर्म सी. एकच पान. वहिनीनं चष्मा लावून तो सावकाश वाचला. नाव, वय, पत्ता. 'यांची मुलगी किंवा पत्नी' असा एक रकाना आहे, तिथं दादाचं नाव आलं असतं. खाली सज्ञान बाईसाठी सहीची एकच रेघ, तिची स्वतःची.

तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

"म्हणजे तेव्हाही एवढंच होतं?"

दादा उठला आणि चहा ठेवायला आत गेला.