पहाटे चारचा आवाज

१९२० च्या दशकाची अखेर. लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमधलं केईएलडब्ल्यू हे रेडिओ स्टेशन. पहाटेचे चार वाजलेत. इंग्रजी श्रोते गाढ झोपेत, त्यामुळे ही वेळ स्वस्तात मिळायची. पण संत्र्याच्या बागांत, वीटभट्ट्यांवर, रेल्वेच्या कामावर राबणारा मेक्सिकन मजूर नेमका याच वेळी उठायचा. चूल पेटायची, रेडिओ लागायचा, गिटारी वाजायच्या आणि पेद्रो गोन्झालेस बोलू लागायचे.

पेद्रो मेक्सिकोतल्या चिहुआहुआ राज्याचे, जन्म १८९५ चा. कोवळ्या वयात मेक्सिकन क्रांतीतला सेनानी पांचो व्हिया याच्या फौजेत तारबाबू झाले. अमेरिकेत आल्यावर बंदरात हमाली केली. गात्या गळ्याने त्यांना रेडिओवर आणलं आणि त्यांचा ‘लोस माद्रुगादोरेस’ (म्हणजे पहाटे उठणारे) हा गाणाऱ्यांचा ताफा घरोघरी पोचला.

पुढारी व्हायचं त्यांच्या मनात नव्हतं. ती वेळ मंदीने आणली. बेकारीचं खापर मेक्सिकन माणसांवर फुटलं. २६ फेब्रुवारी १९३१ ला लॉस एंजेलिसच्या ला प्लासिता चौकात अधिकाऱ्यांनी वाटा अडवल्या आणि सुमारे ४०० माणसांना थांबवून कागद तपासायला सुरुवात केली. भर दिवसा, बाकांवर ऊन खात बसलेली माणसं! पुढे कुटुंबंच्या कुटुंबं आगगाड्यांत बसवून सीमेपार धाडली गेली. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, तिथलीच नागरिक असलेली मुलंही होती.

पेद्रो हे माइकवर उघड बोलत. कुठे हात हवेत तेही सांगत, आणि मग माणसं फावडी-कुदळी घेऊन हजर होत. माझ्या मते अधिकाऱ्यांना खरी धडकी भरली ती या हजर होण्याची. जिल्हा सरकारी वकील ब्युरन फिट्स यांनी त्यांचं प्रसारण बंद पाडायचा प्रयत्न केला.

१९३४ मध्ये बलात्काराच्या आरोपाखाली पेद्रोंना अटक झाली. शिक्षा, एक ते पन्नास वर्षं. फिर्यादी मुलीने पुढे साक्ष मागे घेतली, तरी सान क्वेंटिनच्या तुरुंगाचं दार उघडलं नाही. बाहेर त्यांची पत्नी मारिया लढत राहिली. सभा, अर्ज, वर्गणी, सगळं तिने उभं केलं. या कथेत तिचं नाव ओझरतं येतं, याची मला खंत वाटते.

१९४० मध्ये सुटका झाली, ती थेट हद्दपारीसाठीच. पेद्रो सीमेलगतच्या मेक्सिकन शहरात, तिहुआनाला स्थिरावले आणि तिथे पुन्हा माइकसमोर बसले. पुढची तीसेक वर्षं अन्यायाविरुद्ध बोलत राहिले. १९७० च्या दशकात ते कॅलिफोर्नियात परतले आणि १९९५ मध्ये तिथेच वारले.

२५ मार्च २००६ रोजी स्थलांतरितांविरुद्धच्या प्रस्तावित कायद्याला विरोध करायला लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर पोलिसांच्याच अंदाजाने पाच लाख माणसं उतरली. अनेकांना ती हाक सकाळच्या स्पॅनिश रेडिओ कार्यक्रमांतून ऐकू आली होती.