रस्ता सिटीचा, मग नोटीस एचओएची का?

नमस्कार मंडळी. ॲरिझोनात ज्यांची घरं आहेत त्यांनी आज जरा कान देऊन ऐका. घरासमोरचा रस्ता सिटीचा असेल तर तिथल्या पार्किंगवर एचओएचा, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचा, हुकूम आता सरसकट चालत नाही. परत सांगतो, रस्ता सिटीचा असेल तर. गेटच्या आतला प्रायव्हेट रस्ता असेल तर तिथे त्यांचेच नियम.

आमच्याकडचाच किस्सा सांगतो. काही वर्षांपूर्वीचा दीड दिवसाचा गणपती, आरतीला पंधरा-सोळा गाड्या आल्या, ड्राइववेत दोन मावल्या बाकी सगळ्या रस्त्याच्या कडेला, कोणाचं दार अडवलं नाही, हायड्रंटपासून पंधरा फूट सोडायचे तेही सोडले, मी स्वतः उन्हात उभा राहून एकेक गाडी लावून घेतली. आठवड्याभरात एचओएचं पाकीट आलं. आत फोटो. एकात काकूंची जुनी कोरोला, मागच्या काचेतून मोदकांचा स्टीलचा डबा स्वच्छ दिसतोय. दंड मला, काकूंना नाही, कारण सीसी अँड आरवर, म्हणजे असोसिएशनच्या नियमांच्या करारावर, सही माझी, घर नावावर झालं त्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात केलेली. सिटीच्या ऑफिसात गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी नकाशा काढून दाखवला, म्हणाल्या रस्ता आमचा, झाडतो आम्ही, तिथे पार्किंगला आमची बंदी नाही. तोच नकाशा घेऊन बोर्ड मीटिंगला गेलो. उत्तर आलं, रस्ता सिटीचा असू दे, करार तुम्ही आमच्याशी केलाय. आणि जुन्या असोसिएशनना तेव्हा कायदा ती मुभा देत होता, म्हणून दंड भरला. पैशाचं काही नाही हो, पण पुढच्या वर्षी काकू आल्याच नाहीत. म्हणाल्या, माझ्यामुळे तुला भुर्दंड नको.

2023 मध्ये ॲरिझोनाचा कायदा बदलला. 2015 च्या आधी ज्यांचं डिक्लरेशन, म्हणजे तेच सीसी अँड आर, रेकॉर्ड झालंय त्या असोसिएशनना 30 जून 2025 पर्यंत, पब्लिक रस्त्यांवरचे नियम चालू ठेवायचे का यावर, सभासदांचं मतदान घ्यायला सांगितलं. मतदान घेतलं नाही किंवा ठराव पडला, तर पब्लिक रस्त्यावरचा अधिकार गेला. नंतरच्यांना तो अधिकार नव्हताच. कोलोरॅडोने तर 2022 मध्येच असा कायदा केला.

   

तर दोन गोष्टी बघा. डिक्लरेशन कधी रेकॉर्ड झालं ते काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या सरकारी ऑफिसात, मिळतं. आणि मतदान झालं का, ठराव पास झाला का, त्या मीटिंगचे मिनिट्स मागा. लेखी मागा, ईमेलने मागा, तोंडी नको.

आमच्याकडे ठराव पडला. त्याच रात्री काकूंना फोन केला, म्हटलं यंदा आरतीला यायचं, आणि गाडी अगदी दारासमोर लावायची.