ब्रुसिलोव: घोडदळाचा सरदार, खंदकांचा सेनापती

[नकाशा: गॅलिशिया आणि व्होलिन, 1916]

एप्रिल 1916, पहिलं महायुद्ध. मोगिल्योवच्या रशियन लष्करी मुख्यालयात झारसमोर बैठक चालू आहे. एव्हर्ट आणि कुरोपाटकिन हे दोन आघाडीप्रमुख हल्ल्याला नाखूश आहेत. अवजड तोफा कमी, गोळे अपुरे. तिसरा म्हणतो, मी हल्ला करतो. जादा कुमक मिळणार नाही हे सांगूनही तो मागे हटत नाही.

हा अलेक्सेई ब्रुसिलोव. जन्म 1853, तिफ्लिस (आजचं तिबिलिसी). वडील लेफ्टनंट जनरल, शिक्षण उमरावांच्या मुलांच्या पेज कोअरमध्ये. तुर्की युद्धात तो कॉकेशसकडे लढला. पुढची वीसहून अधिक वर्षं मात्र पीटर्सबर्गच्या घोडदळ शाळेत गेली. खंदकांच्या युद्धाचा धडा अशा माणसाने घालून द्यावा, हे नवलच.

[हवाई छायाचित्रे, खंदकांचे आराखडे]

समोर ऑस्ट्रिया-हंगेरीचे मोर्चे, एकामागे एक तीन पट्टे. प्रत्येक पट्ट्यात किमान तीन खंदकरांगा, पुढे काटेरी तारांच्या एकोणीस ते एकवीस ओळी. एकाच जागी फौज जमवली, तर शत्रूला ती आधीच दिसते आणि त्याची राखीव दलं तिथेच येऊन उभी राहतात. म्हणून ब्रुसिलोवने चारही सैन्यांना आपापली जागा निवडायला लावली. वीसहून जास्त ठिकाणी खोदकाम सुरू झालं. पळून गेलेला रशियन शिपाई शत्रूला काय सांगणार? हल्ला माझ्यासमोरून होणार, एवढंच!

खंदक पुढे सरकत काही ठिकाणी शंभर पावलांवर पोचले. हलक्या तोफांनी आधी तारांत वाटा पाडायच्या, मशीनगन गप्प करायच्या. अवजड तोफांनी शत्रूच्या तोफा गाठायच्या.

हल्ल्याच्या आदल्या रात्री मुख्यालयाचा निरोप आला: थांबा, एकाच जागी घाव घाला. ब्रुसिलोवने नकार दिला, हवं तर मला पदावरून काढा म्हणाला. झार झोपला होता. त्याला कोण उठवणार?

4 जूनला तोफा धडाडल्या. 7 जूनला लुत्स्क शहर रशियनांच्या हाती पडलं.

मग गाडं अडलं. मुख्य घाव एव्हर्टने घालायचा होता, तो तारखा ढकलत राहिला. तेवढ्यात जर्मन तुकड्या रेल्वेने येऊन थडकल्या. एव्हर्टचा दोष मोठाच. पण कोवेल शहरापाशी ब्रुसिलोवनेही स्वतःचं तंत्र सोडलं. स्तोखोद नदीच्या दलदलीत, अरुंद पट्ट्यात तो पुन्हा पुन्हा हल्ले करत राहिला. निवडक गार्ड फौज तिथेच कापली गेली.

1917 मध्ये तो काही आठवडे सरसेनापती झाला. 1920 मध्ये पोलंडशी लढायला बोल्शेविकांच्या लाल सैन्यात या, असं आवाहन त्याने जुन्या अधिकाऱ्यांना केलं. परागंदा झालेल्या त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. मार्च 1926 मध्ये मॉस्कोत तो वारला. बोल्शेविक सरकारने झारच्या या सेनापतीला लष्करी इतमामात नोवोदेविची मठात पुरलं.