बोट चेंगरतं ते ठेवताना

बांधकामाच्या साइटवर हे दोघं कामगार सळई घेऊन येतायत बघा. 25 एमएमची, 12 मीटर लांब, म्हणजे वजन 46 किलोच्या आसपास. उचलताना दोघंही सावध होते, एक-दोन-तीन म्हणून उचलली. ठेवताना मात्र कोणी मोजत नाही. पुढच्यानं आधी सोडली की मागच्याच्या हाताला हिसका बसतो, सळई निसटते आणि बोटं खालच्या सळईवर चेंगरतात.

क्रेनचंही तसंच. लोड उचलायला त्याच्याभोवती घातलेला बेल्ट सरळ करायला हात अजून बेल्टवरच आहे, आणि ऑपरेटर म्हणतो जरासंच उचलतो, तेवढ्यात बेल्ट ताणला जातो आणि बोटं लोडला चिकटून अडकतात. म्हणून इशारा देणारा माणूस एकच हवा, आणि त्यानं आधी सगळ्यांचे हात बघायचे, मग वर बघायचं. लोड हवेत फिरायला लागला की हातानं थोपवायला सगळेच धावतात, पण एक टन वजन हातानं थांबतं का हो? त्याला आधीच दोरी बांधायची, टॅग लाइन म्हणतात तिला, आणि लांबून वळवायचं.

आता इथं नीट बघा. लोड जमिनीपासून वीतभर वर आहे, खालचा लाकडी गुटका तिरका झालाय, आणि या कामगाराचा हात आपोआप आत चाललाय. नाही, आधी लोड वर घ्यायला सांगायचं, मग गुटका काठीनं ढकलायचा.

ग्लोव्हज दिलेत की, असं सुपरवायझर सांगतात. दिलेत, चांगलंच आहे, सळया बांधायच्या बाइंडिंग वायरची टोकं, पत्र्याची धार यापासून हात वाचतो. पण चेंगरण्यापुढे साधा ग्लोव्ह काहीच नाही, उलट फिरत्या ड्रिलजवळ तोच गुंडाळला जातो आणि हात ओढून नेतो. अंगठी तर घालूच नका, कुठे अडकली आणि अंगाचा भार आला की बोटाची कातडी सोलून निघते.

आणि बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेला तुकडा स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, थेट बर्फात तुकडा टाकला तर तो गोठून खराब होतो, आणि माणसाबरोबरच तोही हॉस्पिटलला न्यायचा.