जिना मोजायचा राहिला

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या बडोद्यात व्यायामाचा विषय निघाला की आजही पहिलं नाव येतं ते राजरत्न माणिकरावांचं. जुम्मादादा व्यायाममंदिर, मल्लखांब, लाठी, लेझीम. दांडियाबाजारातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात विचारा, कुणीतरी आजोबा तिथे घुमलेले असतात. व्यायामावरचा दहा खंडांचा मराठी ज्ञानकोशही याच गावातून निघाला. मला या सगळ्याचा फार अभिमान आहे. पण शारीरिक हालचाल आणि लोकांचं आरोग्य या विषयात संशोधन करायला लागले, तेव्हा पहिला धडा मिळाला तो वाडी भागातल्या एका लाकडी जिन्यावर.

प्रश्नावली घेऊन मी घरोघर फिरत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, "तुम्ही व्यायाम करता का?" त्या म्हणाल्या, "व्यायाम? तो आमच्या मामंजींनी केला, माणिकरावांकडे. मला कुठला बाई वेळ!" मग बोलता बोलता कळलं की खालच्या नळाचं पाणी त्या रोज सकाळी वर आणतात, बारा-पंधरा खेपा. आता आमच्या प्रश्नावलीत अट होती: सलग 10 मिनिटं केलेली हालचालच धरायची. काकूंची एक खेप दोन मिनिटांची, मग हंडा ओतायचा, दूध बघायचं, पुन्हा खाली. मी नियमाप्रमाणे शून्य लिहिलं. उतरताना पायऱ्या मोजल्या, 34 भरल्या. ते शून्य मला अजून टोचतं.

टोचतं, कारण आमचं हे शास्त्रच मुळात जिन्यावर जन्मलं. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे हृदयविकार झपाट्याने वाढत होता आणि कारण कुणाला उमगत नव्हतं. मॉरिसनी दुमजली बसवरची माणसं अभ्यासाला घेतली, सुमारे 31,000. ड्रायव्हर आणि कंडक्टर, एकाच बसमधले, एकाच थरातून आलेले. ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. 1953 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुष्कळांना पटलं नाही. ड्रायव्हर आधीपासूनच जाडे असतील, असा आक्षेप आला. मग मॉरिसनी कंपनीच्या गणवेशाच्या नोंदी काढून विजारींच्या कमरेची मापं तपासली! ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्या हे खरं. पण सडपातळ असो वा जाडा, कंडक्टरला धोका कमीच निघाला. ही विजारींची मापं मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. मनात शंका आली तर ती माणूस किती चिकाटीने फेडतो! स्वतः मॉरिस 99 वर्षं जगले.

त्या कंडक्टरांपैकी कुणीही व्यायाम करत नव्हता. ते नोकरी करत होते.

ती सलग 10 मिनिटांची अट जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या शिफारशींतून गेली. आता आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगतात, ती तुकड्या-तुकड्यांनी झाली तरी चालते. काकूंचा जिना अखेर मोजला गेला म्हणायचा. पण तोवर त्यांच्या घरी पाण्याची मोटर आली होती.

मोटर आली हे चांगलंच झालं. हंडे वाहून ज्यांच्या कमरेचा काटा ढिला होतो, त्यांना "कष्ट हाच व्यायाम" असं कुणी सांगू नये. मात्र काकूंच्या दिवसातून पायऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही. दोन वर्षांनी त्यांना साखर निघाली. मोटरमुळे निघाली असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून तसं ठरवता येत नाही. पण मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर इन्सुलिनवाचूनही आत ओढून घेतात, आणि आपण बसलो की ते काम मंदावतं, एवढं नक्की.

2014 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांपैकी 54 टक्क्यांहून अधिक जणांची हालचाल अपुरी होती, आणि फावल्या वेळात काही खेळणारे-चालणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. त्यात गुजरात नव्हतं. नऊ रात्री गरब्यात घामाघूम होणारे आपण उरलेल्या वर्षात काय करतो, हे आपलं आपल्याला ठाऊक आहे.

लोक आळशी झालेत असं मला अनेकदा ऐकवलं जातं. मला ते मान्य नाही. काकूंना डॉक्टरांनी चालायला सांगितलं, त्या लगेच तयार झाल्या, शेजारच्या दोघींनाही तयार केलं. आता संध्याकाळी तिघी कमाटीबागेत चालतात. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बागेत छान चालते हो ताई, पण बागेपर्यंत रिक्षाच करावी लागते. रस्ता ओलांडायचा धीर होत नाही."

सध्या मी तोच रस्ता वहीत उतरवून घेते आहे. त्यांच्या दारापासून बागेच्या फाटकापर्यंत फूटपाथ कुठे सुरू होतो, कुठे तुटतो, त्यावर स्कूटर कुठे लावलेल्या असतात, वयस्क माणूस कुठे थांबून राहतो. तुमच्या घरापासून बागेपर्यंतचा, भाजीबाजारापर्यंतचा रस्ता असाच एका कागदावर लिहा आणि या केंद्राच्या पत्त्यावर पाठवा. मी प्रत्येक पत्र वाचणार आहे.

नमस्कार.